लेकराच्या हाती पावतीपुस्तक

दिवाळीत पोस्त मागायला कोण कोण दाराशी येते, हे प्रत्येक घरच्या बाईला तोंडपाठ असते. आमच्या बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांतून त्या यादीत अलीकडे एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. हा पाहुणा दहा-बारा वर्षांचा असतो. अंगात मंडळाचे नाव आणि एखाद्या होऊ घातलेल्या पुढाऱ्याचा फोटो छापलेला ढगळ बनियन, पायात चप्पल असली तर असली, आणि हातात पावतीपुस्तक. "काकू, आमच्या क्रीडा मंडळाची वर्गणी," एवढे बोलून तो खाली मान घालून उभा राहतो. काकू त्याच्या ओंजळीत मूठभर चिवडा घालतात, "घरात पुरुषमाणूस नाही, मागाहून ये" म्हणतात आणि दार लोटतात.

काकूंनी त्याला पैसे का द्यावेत, हा प्रश्न मला पडत नाही. मला पडणारा प्रश्न निराळा आहे. संध्याकाळची पाचाची वेळ, उन्हे कललेली, वारा सुटलेला. अशा वेळी हे लेकरू मैदान सोडून लोकांच्या दारात का उभे आहे?

मी पेशाने शाळामास्तर आणि हौसेने कादंबरीकार. दोन्ही धंद्यांत पैसा बेताचाच, त्यामुळे वर्गणी या विषयाचा माझा अभ्यास घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या अशा दोन्ही बाजूंनी झालेला आहे. त्या अभ्यासाच्या जोरावर मी आज एक गोष्ट खणखणीतपणे सांगणार आहे, आणि सणासुदीला ती कोणाला कडू लागली तर त्यांनी वर करंजी खावी. आईबापांकडून मंडळाने पैसा मागावा, कष्टही मागावेत. पण त्या मागण्याची गाठ लेकराच्या संघातल्या जागेशी मारू नये. ज्या दिवशी ती गाठ बसते, त्या दिवशी खेळाचे मंडळ बंद होते आणि त्याच पाटीखाली दुकान सुरू होते.

आधी मंडळाची बाजू सांगतो, कारण ती खरी आहे. मंडळ चालवणे म्हणजे लग्नघर चालवणे. मैदान सपाट करायचे, दगड वेचायचे, पाणी मारायचे, फक्की टाकून रेषा आखायच्या. खो-खोचे दोन खांब, व्हॉलीबॉलची जाळी, चेंडू, गणवेश, प्रवेश फी, पंचांचे मानधन, जीपचे भाडे, दुपारची पुरीभाजी. सरकारी अनुदान वेळेवर आले तर नवल, आणि पुढारी येतो तो फोटोपुरता. उरतात गावातले दोन-चार वेडे: एखादा कंडक्टर, एखादा तालुका कचेरीतला कारकून, एखादा आमच्यासारखा मास्तर. हे लोक घरचे खाऊन शिट्टी वाजवतात. त्यांनी पालकांपुढे हात पसरला तर त्यांना नावे ठेवणारा मी कोण? त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि म्हणूनच हे लिहितो आहे; लबाडांना उपदेश करण्यात शाई खर्च करण्याइतका मी श्रीमंत नाही.

पण पाहता पाहता काय होते? प्रथम पालकसभा भरते आणि ठरते की प्रत्येक मुलाने एक पुस्तक संपवावे. मग ठरते की ज्याचे पुस्तक संपले त्याला गणवेश आधी. पुढे, ज्याच्या वडिलांनी दोन पुस्तके एकरकमी घेतली, तो पोरगा आपोआप कप्तान होतो. तो कसा झाला हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. स्पर्धेच्या दिवशी आयांनी स्वयंपाकाला यावे, बापांनी मांडव घालावा, असे फर्मान निघते. जे येत नाहीत त्यांची नावे सभेत वाचली जातात. नाव बापाचे वाचतात, मान खाली जाते ती मागच्या रांगेतल्या लेकराची.

सातवीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, मंडळाचेही नाही. खो-खोत ही मुलगी पाठलागाला उठली की समोरच्या गड्याला खांबापर्यंत पोचू देत नसे. सूर अशी मारी की मातीला ओरखडा उठावा. तिला वीस रुपयांच्या पंचवीस पावत्यांचे एक पुस्तक मिळाले. त्यातल्या दोन फाटल्या. एक किराणा दुकानदाराने घेतली आणि एक मी. उरलेल्या तेवीस पावत्या कोणाकडे खपवायच्या? ती राहते त्या वस्तीवर प्रत्येक घर दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडणारे. आठ दिवसांनी तिने पुस्तक गुपचूप माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि मैदानावर येणे बंद केले. तिला कोणी 'येऊ नकोस' म्हटले नव्हते. आमच्याकडे कोणी कोणाला तसे तोंडावर म्हणत नाही. म्हणण्याची गरजच पडत नाही.

शहरातल्या वाचकांसाठी कोयत्याचा खुलासा करतो. आमच्याकडे कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. गळिताचा हंगाम सुरू झाला की जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल अंगावर असते, ती फेडायची असते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली, ही चांगली गोष्ट झाली. पण उचलीचे गणित त्याने बदललेले नाही. आणि या जगात एक शब्द आहे, खाडा. ताप आला, बाळंतपण आले, कोणाचे मयत झाले, काहीही असो. एक दिवस कामावर गेले नाही की तो खाडा, आणि त्यापायी ५०० ते १००० रुपये कापले जातात.

आता या घरातल्या आईला 'रविवारी मुलीच्या स्पर्धेला पुऱ्या लाटायला या' असा निरोप पाठवा. ती दोनशे मैलांवर उसाच्या फडात पहाटे तीनला उठून मोळ्या बांधते आहे. तिने यायचे म्हटले तर एस.टी.चे भाडे, दोन दिवसांचे खाडे, वर मुकादमाची शिवी. तिच्या पुरीची किंमत काढली तर पंचतारांकित हॉटेलवाल्याने लाजावे! आणि सभेत वाचले काय जाते? 'पालकांना मुलांच्या खेळाची आस्था नाही.' अहो, आस्था मोजायचे तुमचे माप कोणत्या गावचे?

गंमत अशी, की आमच्या शालेय स्पर्धा साधारणपणे पावसाळ्यात तालुक्याला सुरू होतात आणि वरच्या फेऱ्या दिवाळीच्या सुमारास व नंतर येतात. म्हणजे आईबाप घरी असतात तेव्हा पोर तालुक्याला खेळते आणि विभागाला जायची वेळ येते तेव्हा ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्यावर बसलेले असते. ज्यांना आजी आहे किंवा हंगामी वसतिगृहात जागा मिळते, ती मुले मागे राहतात. अशा मुलाला मंडळाचा आधार सर्वांत जास्त लागतो, आणि नेमके त्याच मुलाकडे द्यायला बाप जवळ नसतो.

लोकवर्गणीचे नाव काढले की आपण महाराष्ट्रीय लोक खाशाबा जाधवांची गोष्ट सांगतो. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. तिथे जायला पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही गोष्ट आम्ही मास्तर लोक वर्गात छाती फुगवून सांगतो. पण तिचा पुढचा भाग सांगताना आवाज खाली येतो. पदक गळ्यात घालून आलेल्या त्या मल्लाने कुस्त्यांचे फड लावले आणि त्यांच्या उत्पन्नातून गुरुजींचे कर्ज फेडले. खर्डीकरांपुढे मी नतमस्तक आहे. मात्र एका शिक्षकाचे घर गहाण पडावे आणि ऋण फेडायला ऑलिंपिकवीरानेच पुन्हा लंगोट कसावा, हा व्यवस्थेचा आदर्श नव्हे. तिच्या दिवाळखोरीवर दोन थोर माणसांनी आपल्या अंगावरचे पांघरूण घातले, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या जिल्ह्यातली ताजी उदाहरणे घ्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आईबाप शेतकरी, वीटभट्टीवरही राबलेले. शाळा सहा किलोमीटर लांब, म्हणून पोर धावत जाई. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या विसाव्या भागाने. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, जुलै २०२४ मध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, आणि त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. या मुलाला कोणी घडवले? बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. तिथे त्याला खुराक मिळाला, बूट मिळाले, शिकवणारा मिळाला आणि सरावाला वेळ मिळाला. सैन्याने त्याच्या बापाला वर्गणी मागितली नाही, की आईला भाकरी थापायला बोलावले नाही. पायात जोर आहे का, एवढेच पाहिले.

दुसरा सचिन धस, बीड शहरातला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेनोनी येथे एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताचे चार गडी ३२ धावांत परतले होते. तिथून या पोराने ९६ धावा काढल्या आणि कप्तान उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागी करून सामना फिरवला. त्याच्या वडिलांनी कर्ज काढून सरावासाठी खेळपट्ट्या करून घेतल्या, आणि त्या जिवंत ठेवायला दोन-तीन दिवसांनी पाण्याचा टँकर आणावा लागे, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. बीडमध्ये गवताला टँकरचे पाणी! वाचून डोळे भरून येतात. वडील आरोग्य खात्यात, आई पोलीस खात्यात आणि स्वतः कबड्डी खेळलेली. या आईबापांनी केले ते सोन्यासारखे केले. पण शेजारच्या गल्लीत सचिनइतकीच नजर असलेला दुसरा पोरगा असेल आणि त्याच्या बापाला कर्ज द्यायला मुकादमाखेरीज कोणी नसेल, तर त्याची खेळपट्टी कोणी करायची? पोरगा कोणाच्या पोटी जन्मला यावर जिल्ह्याचा संघ ठरणार असेल, तर निवड चाचणी घ्यायची कशाला? रेशनकार्ड पाहून मोकळे व्हावे!

तिकडे नॉर्वे नावाचा लहानसा देश आहे. तिथल्या मुलांचे क्रीडा मंडळही आईबापांच्या कष्टांवरच चालते. या सामुदायिक कष्टांना ते 'डुगनाड' म्हणतात. आया केक करतात, बाप मैदान झाडतात, आणि मंडळासाठी पैसा उभा करायला घरोघर स्वच्छतागृहातला कागद विकतात. हसू नका, आपली पावती नुसता कागदच देते, त्यांच्या कागदाचा काही उपयोग तरी होतो! त्याच देशाच्या क्रीडा महासंघाने मुलांच्या खेळातल्या हक्कांचे नियम केले आहेत आणि तेरा वर्षांखालच्या मुलांना राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या शर्यतीत उतरवत नाहीत. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये या चिमुकल्या देशाने ३९ पदके नेली, सर्वांत जास्त. तिथेही आता खेळ महाग होत चालल्याची ओरड आहे, हेही सांगितले पाहिजे. पण मुलाचा हक्क आधी आणि आईबापांचे कष्ट त्यासाठी, हा क्रम त्यांनी कागदावर तरी पक्का केला आहे.

आणि आपल्याला नॉर्वेला जायची तरी काय गरज? आपल्या वावरांतून हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या पडलेले आहे. एखाद्याचा ऐन पेरणीत बैल गेला की त्याच्या वावरात गावातली औते न बोलावता उभी राहत. घरधनी सर्वांना जेवू घाली. मजुरी कोणी मागत नसे. ती इर्जिक. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, अशी दिवसाला दिवस फेड असे, ती सावड. आणि देशमुखाच्या किंवा सरकारच्या धाकाने फुकट राबावे लागे, ती वेठ. निजामी अमलात आमच्या आज्यापणज्यांनी ती भोगली. ते राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपले. माझा सवाल एवढाच आहे, की क्रीडा मंडळाला पालकांकडून यातले काय हवे आहे? इर्जिक म्हणत असाल तर गैरहजरांची नावे वाचू नका. सावड म्हणत असाल तर प्रत्येकाला ज्या महिन्यात जमेल त्या महिन्यात फेडू द्या. आणि नाव वाचून, गणवेश अडवून, संघातून वगळून काम करून घ्यायचे असेल तर त्याला वेठ म्हणा, सेवा म्हणू नका. तसेच पैशाचे. खुशीने दिली ती वर्गणी. धाकाने वसूल केली तिला जो शब्द आहे, तो आमच्या जिल्ह्यात आता सहज उच्चारावा असा राहिलेला नाही. म्हणून मी तो लिहीत नाही.

जत्रेचा हगामा आठवा. घरटी पट्टी गोळा होते. ज्याची जशी ऐपत तशी त्याची पट्टी, आणि गरिबाच्या घरावरून पंच न बोलता पुढे जातात. आखाड्यात उतरणाऱ्या गड्याला मात्र कोणी पैसे मागत नाही. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत, लांग चढवली की तू गडी. वस्ताद पोराचा दंड पाहतो, बापाचा सातबारा पाहत नाही. आमच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या आजोबांना जे कळत होते, ते आमच्या घटना-नियमावलीवाल्या मंडळांना कळू नये?

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप, 'फुकटाची किंमत नसते.' हे वाक्य नेहमी पोट भरलेला माणूस उच्चारतो. त्या सातवीतल्या मुलीने पहाटे पाणी भरून, भाकरी करून, धाकट्याला सांभाळून मैदान गाठले, ती किंमत तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात मांडता? दुसरा आक्षेप, 'पावत्या फाडल्याने मुलांना व्यवहार कळतो.' कळतो, पण कोणता? कोणाचे काका मोठे आणि कोणाचे नाहीत, हा. तो शिकवायला गाव समर्थ आहे, त्यासाठी मंडळ नको. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: 'मग मंडळ चालावे कसे?'

चालेल, आणि असे चालेल. पावतीपुस्तक मोठ्यांच्या हाती राहावे. लेकराच्या हाती ते देणारा ठराव आजच रद्द करावा. वर्गणी गावाकडून घ्यावी, खेळाडूकडून घेऊ नये. गणपतीला, जत्रेला जे गाव पट्टी देते, ते सांगितल्यावर मैदानालाही देईल. मात्र हिशेब शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिलेला दिसला पाहिजे, फक्कीच्या पोत्यापासून जीपच्या भाड्यापर्यंत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने नोंदलेल्या मंडळाला धर्मादाय कार्यालयात हिशेब द्यावाच लागतो. जो साहेबाला दाखवायचा तो गावाला दाखवायला लाज कसली? देणगीदाराचे नाव फळ्यावर लिहा, पण त्याच्या मुलाचे नाव संघाच्या यादीत लिहिणारा हात वेगळा ठेवा. जमा करणाऱ्याने निवड करू नये आणि निवड करणाऱ्याने पुस्तकाला हात लावू नये.

कष्टांचे वेळापत्रकही कोयत्याकडे पाहून करावे. वैशाखापासून आश्विनापर्यंत ही मंडळी गावात असतात. मैदानाचे दगड वेचणे, बांध घालणे, खांब रोवणे, कडेला लिंबाची रोपे लावणे ही कामे त्या दिवसांत काढा आणि त्यांना इर्जिकीचे आवतण द्या. त्यांच्याइतके मातीचे काम कोणाला येते? ज्या बापाला पाच रुपये देता येत नाहीत, तो अर्ध्या दिवसात अशी जागा करून देईल की ठेकेदाराने बिल लावायला लाजावे. मग हंगाम सुरू झाल्यावर गावात राहणाऱ्यांनी, आम्ही नोकरदारांनी, दुकानदारांनी पुऱ्या लाटाव्या, जीपमध्ये बसावे, आणि कोयत्यावर गेलेल्यांच्या मुलांना आपल्या मुलांबरोबर विभागाच्या सामन्याला न्यावे. हिला म्हणतात सावड. यात कोणी कोणावर उपकार करत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघाची कप्तान प्रियांका इंगळे, मूळची आमच्या केज तालुक्याची. बातमी आली तेव्हा जिल्ह्यात पेढे वाटले गेले आणि चौकाचौकांत फलक लागले. फलकांचा खर्च कोणी केला, कोणास ठाऊक. त्यासाठी कोणा लेकराला दारोदार पाठवल्याचे ऐकिवात नाही. फलकाला पैसा मिळतो आणि खांबाला मिळत नाही, हे आमच्या क्रीडाप्रेमाचे खरे माप.

वाचकहो, तुम्ही यंदा कोणत्या तरी मंडळाला वर्गणी देणारच आहात. जरूर द्या, सढळ हाताने द्या. पण देताना अध्यक्षांना एक प्रश्न विचारा: ज्यांचे आईबाप या महिन्यात कोयत्यावर गेले, त्यांच्यापैकी किती मुले आज तुमच्या संघात आहेत? आकडा सांगता आला तर दुप्पट द्या. सांगता आला नाही, तर पावती फाडण्याआधी त्यांना घेऊन त्या वस्तीवर जा. एखाद्या अंगणात म्हातारीजवळ बसलेली, सूर मारता येणारी एक मुलगी तुम्हांला नक्की भेटेल. तिला एवढेच सांगा की उद्या पाचाला मैदानावर ये, आणि येताना काही आणू नकोस.